फोटोतला कापलेला तुकडा

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात पॉहस्का नावाचं गाव आहे. तिथे ओसेज या आदिवासी जमातीचं स्वतःचं संग्रहालय आहे. त्याच्या भिंतीवर 1924 साली काढलेला एक लांबलचक फोटो लावलेला होता. समारंभासाठी जमलेले ओसेज स्त्रीपुरुष आणि त्यांच्या शेजारी गावातले गोरे व्यापारी, प्रतिष्ठित मंडळी, असे सगळे त्यात एका ओळीत उभे आहेत. बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं गुण्यागोविंदाने नांदत असणार. मात्र त्या फोटोचा एक तुकडा जागेवर नव्हता. पत्रकार डेव्हिड ग्रॅन तिथे गेले तेव्हा त्यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी संग्रहालयाच्या संचालिकांना कारण विचारलं. त्या तुकड्यात जो माणूस होता त्याच्याकडे रोज बघणं जमातीला असह्य होतं, म्हणून तो कापला, असं उत्तर मिळालं. मग बाईंनी तळघरातून त्या भागाची प्रत आणून दाखवली. अगदी कडेला उभा राहून कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा तो माणूस होता विल्यम हेल. ग्रॅन यांचं ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ हे 2017 साली आलेलं पुस्तक या कापलेल्या जागेपाशी सुरू झालं. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा त्याच नावाचा चित्रपट 2023 मध्ये आला. खऱ्या घटनेवरच्या पुस्तकाचा चित्रपट होताना काय टिकतं आणि काय हरवतं, याचा विचार करायला मला या जोडीइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही.

आधी घटना. कॅन्ससमधून हुसकावल्यावर ओसेज लोकांनी 1870 च्या दशकात ईशान्य ओक्लाहोमातला हा खडकाळ मुलूख स्वतःच्या पैशाने विकत घेतला. असल्या जमिनीचा गोऱ्यांना मोह पडणार नाही आणि आपल्याला पुन्हा उठावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. पुढे त्याच जमिनीखाली तेल निघालं. 1906 मध्ये जमीन माणशी वाटली गेली, तेव्हा जमातीच्या नेत्यांनी खनिजांचा हक्क मात्र फुटू दिला नाही. तो सगळ्यांचा सामाईक राहिला आणि यादीतल्या 2,229 जणांना तेलाच्या उत्पन्नातला एकेक वाटा मिळाला. या वाट्याला ‘हेडराइट’ म्हणत. तो विकता येत नसे, वारशानेच मिळे. 1923 या एका वर्षात जमातीकडे तीन कोटी डॉलरहून जास्त पैसा आला. त्या पैशाला बाहेरच्या माणसाचा हात लागायचा तर दोनच वाटा होत्या, पालक होणं किंवा वारस होणं. सरकारने अनेक ओसेजांना व्यवहाराला ‘अक्षम’ ठरवून त्यांच्यावर गोरे पालक नेमले. दुकानातून दंतमंजन घ्यायचं तरी खर्चावर पालकाची नजर. दुसरी वाट लग्नाची. मॉली या ओसेज स्त्रीने 1917 मध्ये अर्नेस्ट बर्खार्ट या गोऱ्या तरुणाशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी तिची बहीण मिनी झिजून झिजून गेली. मे 1921 मध्ये दुसरी बहीण ॲना ओढ्याकाठी डोक्यात गोळी लागलेली सापडली. दोन महिन्यांत आई लिझी वारली. मार्च 1923 मध्ये तिसरी बहीण रीटा, तिचा नवरा आणि मोलकरीण राहत्या घरात स्फोटाने उडाली. सगळे वाटे सरकत सरकत मॉलीकडे येत होते, म्हणजे अर्नेस्टकडे. आणि अर्नेस्ट हा फोटोतून कापलेल्या त्या हेलचा सख्खा भाचा.

या खुनांचा तपास करायला केंद्र सरकारच्या तपास खात्याचे, म्हणजे ‘ब्युरो’चे, प्रमुख जे. एडगर हूवर यांनी 1925 मध्ये टॉम व्हाइट या जुन्या टेक्सास रेंजरला पाठवलं. व्हाइट आणि त्यांच्या वेषांतर केलेल्या माणसांनी चिकाटीने काम केलं. 1926 मध्ये अर्नेस्टने गुन्हा कबूल केला, आणि कोर्टकचेऱ्यांच्या अनेक फेऱ्यांनंतर 1929 मध्ये हेलला जन्मठेप लागली. हूवर यांच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं. पुढे एफबीआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खात्याला तेव्हा नाव हवं होतं, आणि खून, कारस्थान, तपास, शिक्षा या क्रमाने सांगता येणारी एक गोष्ट आयतीच हाती आली होती. 1932 मध्ये ब्युरोच्या कामगिऱ्यांवर रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या पहिल्या काही भागांत ओसेज खुनांचा भाग होता. त्यासाठी ब्युरोच्या एका अधिकाऱ्याने काल्पनिक प्रसंगही लिहून दिले होते. 1959 साली जेम्स स्टुअर्टचा ‘द एफबीआय स्टोरी’ हा चित्रपट आला, त्यातही हे प्रकरण होतं. थोडक्यात, ही घटना पडद्यावर आणि रेडिओवर आधीच पोचलेली होती. एक दुष्ट माणूस, त्याला पकडणारं एक कर्तबगार खातं आणि निकाल लागलेला खटला, या रूपात ती पोचली होती.

ग्रॅन यांच्या पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला मॉलीचा, दुसरा टॉम व्हाइटचा. पुस्तक तिथे संपलं असतं तर ते हूवर यांच्याच गोष्टीची जास्त चांगल्या गद्यात लिहिलेली आवृत्ती ठरलं असतं. पण तिसऱ्या भागात लेखक स्वतः बातमीदार म्हणून पुस्तकात येतो आणि मिटलेलं प्रकरण उसवायला घेतो. फोर्ट वर्थच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्याला पालकांच्या नोंदींची एक लहानशी वही सापडते. पालकाचं नाव, त्याच्या ताब्यातल्या ओसेजांची नावं, आणि पालकत्वात असताना कुणी वारलं असेल तर नावापुढे एकच शब्द, मृत. लेखक पानं उलटत जातो. एका पालकाकडे अकरा जण होते, त्यातले आठ मृत. दुसऱ्या एकाकडे पाच, आणि पाचही मृत. शब्द तोच, हस्ताक्षर कारकुनी, कुठेही प्रश्नचिन्ह नाही. 1907 ते 1923 या काळात 605 ओसेज मरण पावले. हाताशी पैसा आणि औषधपाणी असलेल्या या जमातीचा मृत्युदर देशातल्या गोऱ्यांच्या सरासरीहून कितीतरी जास्त होता. ब्युरोच्या हिशेबी बळींचा आकडा 24 च्या आसपास होता. ग्रॅन दाखवून देतात की यातले कित्येक मृत्यू हेलच्या टोळीशी जुळत नाहीत. म्हणजे खुनी आणखीही होते, वेगवेगळ्या घरांत, एकमेकांशी ठरवून न घेता तेच करणारे. आजारपण म्हणून नोंदवलेल्या मृत्यूंत विषप्रयोग किती होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण दाखले देणारे डॉक्टर, चौकशी करणारे अधिकारी आणि पालक नेमणारं कोर्ट ही सगळी त्याच गावातली माणसं होती.

माझं म्हणणं या तिसऱ्या भागावर उभं आहे. खऱ्या घटनेवरचा चित्रपट आला की आपल्याकडे आणि सगळीकडेच एक ठरावीक वाद होतो, की हा प्रसंग घडला होता का, हे पात्र खरं होतं का, ही तारीख बरोबर आहे का. या प्रश्नांना महत्त्व आहे, पण खरा निकष त्यांच्या पलीकडे आहे असं मला वाटतं. पुराव्याच्या आधाराने सांगितलेली गोष्ट कादंबरीपासून वेगळी होते ती तिच्या शिवणीमुळे. हे आम्हाला पत्रावरून कळलं, हे साक्षीवरून, इथे दोन साक्षी जुळत नाहीत, इथे कागद फाडलेला आहे आणि तो फाडण्यात कुणाचा फायदा होता, हे ती उघड ठेवते. इतिहासातली पोकळी कधीकधी आपोआप पडते, पण पुष्कळदा कुणीतरी ती पाडलेली असते. तशा ठिकाणी पोकळी हाच पुरावा असतो. चित्रपटाने प्रसंग गाळले, दोन माणसांचं एक केलं, चार वर्षं एका ऋतूत बसवली, तरी मी ते सहज मान्य करीन. पण त्याने पोकळी बुजवली आणि बुजवल्याची खूण पुसली, तर त्याने पुस्तकातली सर्वांत खरी गोष्ट काढून घेतली असं मी म्हणेन.

स्कॉर्सेसींच्या चित्रपटाला हा निकष लावताना आधी त्याचं श्रेय नीट द्यायला हवं. मूळ पटकथा टॉम व्हाइटभोवती होती आणि ती भूमिका लिओनार्दो दिकॅप्रिओ करणार होते. 2019 मध्ये स्कॉर्सेसी ओसेज लोकांना जाऊन भेटले, त्यांचं ऐकलं, आणि गोष्ट पुन्हा मांडली गेली. दिकॅप्रिओ अर्नेस्ट झाले, व्हाइटची भूमिका लहान झाली. 206 मिनिटांच्या चित्रपटात व्हाइट दारात उभे राहतात तोवर निम्म्याहून जास्त वेळ गेलेला असतो. गोऱ्या तपास अधिकाऱ्याने येऊन सोडवणूक करण्याची हूवर यांची गोष्ट एवढ्या निर्णयानेच मोडीत निघाली. दुसरा निर्णय मला त्याहून मोलाचा वाटतो. ग्रॅन यांनी वाचकाची उत्कंठा टिकावी म्हणून हेलचा हात बराच काळ झाकून ठेवला आहे. 1926 सालीच जगाला ठाऊक झालेली गोष्ट त्यांनी रहस्यकथेसारखी उलगडली आहे. चित्रपट ती लपवाछपवी करत नाही. खुनी कोण हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं, आणि मग प्रश्न एवढाच उरतो की बायकोवर जीव असलेला माणूस तिच्या बहिणींच्या मरणात सामील कसा होतो, आणि तिला टोचायच्या इन्सुलिनमध्ये दुसरंच काही मिसळताना त्याचा हात कसा चालतो. लिली ग्लॅडस्टोन यांची मॉली बोलते कमी, बघते जास्त. तिच्या त्या बघण्यात जे आहे ते शंभर पानांच्या तपशिलाने साधलं नसतं. पुस्तकातली मॉली कागदपत्रांच्या आड राहते, कारण तिच्या मनातलं सांगणारे कागदच फार थोडे आहेत.

तरीही तिसरा भाग गेला. चित्रपटाच्या सुरुवातीला मॉलीच्या आवाजात मेलेल्या ओसेजांची यादी ऐकू येते आणि प्रत्येक नावानंतर चौकशी झाली नाही हे आपण ऐकतो. तेवढी काही मिनिटं ग्रॅन यांची वही पडद्यावर उघडते. मग ती मिटते, आणि पुढचे तीन तास जवळजवळ प्रत्येक धागा हेलच्या दारापाशी येऊन थांबतो. रॉबर्ट डी नीरोंनी त्याला इतकं प्रभावी उभं केलं आहे की चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनात एक चेहरा आणि एक कुटुंब राहतं. गावातले डॉक्टर, दुकानदार, विमावाले सामील आहेत हे चित्रपट दाखवतो, पण ते हेलची माणसं म्हणून दिसतात. हेल नसता तरीही हे घडलं असतं, त्याच्याशी संबंध नसलेल्या घरांतही घडत होतं, हा पुस्तकाचा सर्वांत भीषण शोध पडद्यावर येत नाही. हूवर यांनी जिथे फाईल बंद केली, त्याच हद्दीच्या आत चित्रपट राहतो, जरी त्या हद्दीच्या आत तो हूवर यांच्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. चित्रपटासाठी ओसेज भाषेचे सल्लागार म्हणून काम केलेल्या एका गृहस्थांनी प्रीमियरच्या वेळीच म्हटलं होतं की ही गोष्ट मॉलीच्या नजरेतून यायला हवी होती, ती अर्नेस्टच्या नजरेतून आली आहे. त्यांची खंत आणि माझी तक्रार एकाच जागी येऊन भेटतात. अर्नेस्टच्या नजरेला जेवढा गुन्हा दिसला, तेवढाच आपल्याला दिसतो.

यावर पहिला आक्षेप माध्यमाचा असतो. पुस्तकाला तळटीप असते, चित्रपटाला नसते, कॅमेऱ्यासमोर एक चेहरा आणि एक कृती लागते, ‘कदाचित’ या शब्दाचं चित्र काढता येत नाही, असं म्हणतात. हे मला अर्धवट खरं वाटतं, आणि त्यातली खोटी बाजू दाखवायला डेव्हिड फिंचर यांचा 2007 सालचा ‘झोडिॲक’ पुरेसा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 1960 च्या दशकाच्या शेवटी खून करून वर्तमानपत्रांना सांकेतिक पत्रं पाठवणारा हा खुनी कधीच सापडला नाही. रॉबर्ट ग्रेस्मिथ यांच्या 1986 च्या पुस्तकाचा एका संशयितावर ठाम भर आहे. फिंचर यांनी हल्ल्याच्या वेगवेगळ्या प्रसंगांत खुनी म्हणून वेगवेगळे नट घेतले, त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात कुठलाच एक चेहरा बसत नाही. डिसेंबर 1968 मध्ये एका निर्जन रस्त्यावर झालेली पहिली हत्या त्यांनी दाखवलीच नाही, कारण तिथून कुणी वाचलं नव्हतं. जे सांगायला साक्षीदारच नाही, त्याचं दृश्य त्यांनी रचलं नाही. शेवटी पडद्यावर येणाऱ्या मजकुरात डीएनए त्या संशयिताशी जुळला नाही हेही सांगितलं. इथे पुस्तक ठाम आहे आणि चित्रपट साशंक, म्हणजे नेहमीचा क्रम उलटा. आणि हा चित्रपट कंटाळवाणा झालेला नाही. न कळण्याचा जो चटका त्यातल्या माणसांचं आयुष्य पोखरतो, तोच त्याचा ताण आहे. तेव्हा संशय पडद्यावर मावत नाही हे खरं नाही, तो मावून घ्यायची तयारी असावी लागते.

दुसरा आक्षेप असा की बदलाशिवाय रूपांतर होतच नाही, मग कुठला बदल चालेल आणि कुठला नाही हे ठरवायचं कसं. ‘हिडन फिगर्स’मध्ये दोन्ही प्रकार शेजारीशेजारी सापडतात. मार्गो ली शेटर्ली यांचं पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट दोन्ही 2016 मधले, विषय व्हर्जिनियाच्या लँगली प्रयोगशाळेत गणिती म्हणून काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा. 1962 मध्ये अंतराळात जाण्याआधी जॉन ग्लेन यांनी संगणकाचे आकडे कॅथरीन जॉन्सन यांच्याकडून तपासून मागितले, हे खरं आहे. ते काम उड्डाणाच्या काही दिवस आधी झालं होतं आणि त्याला एक दिवसाहून जास्त वेळ लागला. चित्रपटात उड्डाण तोंडावर असताना हे घडतं. मला त्यात काही वावगं दिसत नाही, कर्म तेच आहे आणि कर्तीही तीच, वेळ तेवढा आवळला आहे. पण त्याच चित्रपटात कॅथरीन ‘कलर्ड’ पाटीच्या स्वच्छतागृहासाठी दूरच्या इमारतीपर्यंत धावत जाते, आणि शेवटी तिचा गोरा वरिष्ठ हत्याराने ती पाटी ठोकून पाडतो. तो वरिष्ठ हे रचलेलं पात्र आहे आणि प्रसंगही रचलेला. प्रत्यक्षात कॅथरीन बाई पाटी नसलेलं जवळचं स्वच्छतागृहच वापरत राहिल्या. आणि पाटीचा एक खरा प्रसंग पुस्तकात आहेच. युद्धकाळात लँगलीच्या भोजनगृहात मागच्या एका टेबलावर या स्त्रियांसाठी वेगळी पाटी ठेवलेली असे. मिरियम मान नावाची ठेंगणीठुसकी गणिती एके दिवशी ती पाटी उचलून आपल्या पर्समध्ये टाकून निघून गेली. काही दिवसांनी नवी पाटी आली, तिने तीही पर्समध्ये टाकली. नोकरी जाईल म्हणून नवरा धास्तावला होता. पाट्या येत राहिल्या, ती उचलत राहिली, आणि एके दिवशी पाटी यायची थांबली. चित्रपटकारांच्या हाताशी ही गोष्ट होती. त्यांनी तिच्याऐवजी हातोड्याचा आवाज निवडला आणि पाटी हटवण्याचं कर्तृत्व एका न घडलेल्या गोऱ्या माणसाला देऊन टाकलं. काळ आवळणं आणि कर्तृत्व दुसऱ्याच्या नावे करणं यांत माझ्या लेखी जमीनअस्मानाचा फरक आहे.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पुस्तकं तरी कुठे इतकी निर्मळ असतात? ट्रूमन कपोटी यांचं ‘इन कोल्ड ब्लड’ या प्रकारातलं मानदंड समजलं जातं. 1959 मध्ये कॅन्ससच्या हॉलकम्ब गावी क्लटर कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, त्याची ही हकिकत. तिचा स्मशानभूमीतला शांत शेवटचा प्रसंग कपोटींनी मनाने रचला होता, हे त्यांच्या चरित्रकाराने पुढे उघड केलं. उलट रिचर्ड ब्रुक्स यांनी 1967 चा चित्रपट क्लटर कुटुंबाच्या खऱ्या घरात जाऊन चित्रित केला आणि तो संपवला फाशीवर. या उदाहरणाने माझं म्हणणं ढासळतं असं मला वाटत नाही. पुस्तक म्हणून ते आपोआप खरं आणि चित्रपट म्हणून तो आपोआप खोटा, असा माझा दावाच नाही. कपोटी चुकले ते नेमके शिवण लपवण्यात. पुस्तकाचा प्रत्येक शब्द पुराव्यावर आहे अशी ग्वाही त्यांनी दिली आणि मग समाधानकारक शेवटासाठी ती मोडली. ते पकडले गेले, कारण पुस्तकाने ग्वाही दिली होती, आणि जी माणसं, जी ठिकाणं त्यात होती तिथे जाऊन कुणालाही विचारता येत होतं. दावा आणि पडताळा हा या प्रकाराचा करार आहे. चित्रपट ‘सत्य घटनेवर आधारित’ या तीन शब्दांनी करारातला दावा घेतो आणि पडताळ्याची बाजू सोडून देतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न आणखी एका कारणाने जवळचा आहे. आपल्याकडे इतिहास बहुतांशी दोन टोकांना राहिला. एका टोकाला इतिहाससंशोधक राजवाड्यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, ज्यांचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. दुसऱ्या टोकाला ऐतिहासिक कादंबरी. कागदपत्रांवर काटेकोर राहून, तरी गोष्टीसारखं वाचलं जाणारं लेखन मधल्या जागेत त्यामानाने कमी झालं. मग चित्रपट थेट कादंबरीतून उचलला जातो, आणि काय माहीत आहे, काय नाही, हे सांगणारा मधला थर त्याला भेटतच नाही. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी, आणि ती कादंबरी म्हणूनच छापली आहे. त्यावरून संजय लीला भन्साळींनी 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ केला. मस्तानीबद्दलचे समकालीन कागद मोजके आहेत. ती छत्रसालाची कन्या होती की आणखी कुणी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी इथे वारले, त्यानंतर लवकरच मस्तानी गेली, पण ती कशी गेली याबद्दल वेगवेगळ्या कथा आहेत. पाबळला तिची कबर आहे. चित्रपटात ती साखळदंडात, बाजीरावांच्याच क्षणी प्राण सोडते. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या का यावर आपण खूप भांडलो. पेशव्यांच्या घरातल्या कागदांनी या बाईबद्दल इतकं कमी का नोंदवलं, हा मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो, आणि तो त्या गदारोळात कुणी विचारला नाही. ज्या घराला ती नकोशी होती त्याच घराच्या कागदांवरून आपण तिला ओळखतो. ते तुटपुंजेपण पडद्यावर आलं असतं, तर मस्तानीवर काय गुदरलं असेल याची जाणीव कुठल्याही साखळदंडापेक्षा खोल झाली असती.

आता सर्वांत जड आक्षेप. चित्रपट झाला नसता तर ओसेजांचं नाव तरी किती जणांना कळलं असतं? ‘शिंडलर्स लिस्ट’ 1993 मध्ये आला, त्यात प्रसंग रचलेले आहेत, पण त्याच्या पाठोपाठ त्याचे दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या साक्षी ध्वनिचित्रफितींवर नोंदवणारी संस्था उभी केली आणि हजारो माणसांचे आवाज जपले गेले. अशा कामापुढे तिसऱ्या भागाची तक्रार क्षुल्लक नाही का? मी हे ऋण मान्य करते. पण त्याच ऋणातून जबाबदारीही येते. पुस्तक वाचणाऱ्याला पुढचं पुस्तक भेटतं, मतभेद भेटतात. चित्रपट पाहणाऱ्या कोट्यवधींतल्या बहुतेकांसाठी ती त्या घटनेची पहिली आणि शेवटची भेट असते. पडद्यावरचा चेहरा खऱ्या चेहऱ्याची जागा घेतो. ज्या लोकांचा इतिहास एकदा सरकारी गोष्टीने झाकला, त्यांच्या बाबतीत दुसऱ्या गोष्टीने तरी झाकणाची कड उचललेली ठेवावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आणि स्कॉर्सेसींना ही अपेक्षा कळली होती याची खूण चित्रपटातच आहे. शेवटी पडदा अचानक रेडिओच्या रंगमंचावर उघडतो. नट माइकसमोर उभे राहून आवाज काढतात, वाद्यवृंद वाजतो, सिगारेटची जाहिरात होते, आणि कुणाला किती शिक्षा झाली, कोण कधी सुटलं हे करमणुकीच्या सुरात सांगितलं जातं. हूवर यांच्या 1932 च्या कार्यक्रमाचीच ती प्रतिमा. मग स्वतः स्कॉर्सेसी पुढे येतात आणि 1937 साली वारलेल्या मॉलीची मृत्युवार्ता वाचतात, तिच्यात खुनांचा उल्लेख नव्हता हे सांगतात. इतका वेळ तुम्ही जे पाहिलंत तेही त्याच रेडिओच्या परंपरेतलं आहे, मीही या मरणांची करमणूक केली आहे, अशी ही कबुली आहे आणि ती दिग्दर्शकाने आपल्या आवाजात दिली आहे. या प्रसंगाइतकी प्रामाणिक शिवण मी मोठ्या चित्रपटांत क्वचित पाहिली आहे. माझं दुःख एवढंच की ही कबुली सांगणाऱ्याविषयी आहे. जे अजून सांगितलंच गेलं नाही, त्याविषयी ती काही म्हणत नाही.

ते न सांगितलेलं कसं दिसतं, हे ग्रॅन यांच्या पुस्तकाच्या अखेरच्या पानांत आहे. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका वृद्ध ओसेज बाईंनी आपल्या आजोबांच्या मृत्यूचे कागद वर्षानुवर्षं जमवले होते. गोरी बायको आपल्याला विष घालते असा आजोबांना संशय होता, त्यांना मृत्युपत्र बदलायचं होतं, आणि त्यानंतर लवकरच, 1927 मध्ये, त्यांना रस्त्यावर मोटारीने उडवलं आणि गाडी निघून गेली. हेल तेव्हा कैदेत होता. ब्युरोने वर्षभरापूर्वीच यश जाहीर केलं होतं. बाई ते कागद लेखकाच्या हाती देतात. लेखक ते तपासतो, पण सिद्ध काहीच करू शकत नाही.